सेवा करूनही आपण कुणाच्या खिजगणतीत नाही असं वाटतं, तेव्हा ख्रिस्ती विश्वासातून आशा कशी मिळते?

तुम्ही लिहिलंय की मंडळीत इतकी वर्षं सेवा करूनही तुमची साधी विचारपूस होत नाही, घरीही तेच, आणि आता देवाचंही आपल्याकडे लक्ष नसावं असं वाटू लागलंय. असं वाटणं म्हणजे विश्वास कमी पडला, हे कृपया मनातून काढून टाका.

योहानाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय काढा. बेथेस्दा तळ्याकाठी आजाऱ्यांची गर्दी आहे, कारण तळ्याचं पाणी हललं की जो पहिला उतरेल तो बरा होतो असा समज होता; आणि त्यात ३८ वर्षं दुखणं भोगणारा एक माणूस. त्याचं नावही दिलेलं नाही. येशू विचारतो, तुला बरं व्हायचंय का? नुसतं ‘हो’ म्हटलं तरी पुरे होतं. पण तो सांगतो की मला तळ्यात सोडायला माझं कुणी नाही, मी जाईपर्यंत दुसराच उतरतो. इथे मी दर वेळी अडतो. दुखण्याआधी त्याच्या तोंडून एकटेपण बाहेर आलं! येशू त्याला गप्प करत नाही, तुझा विश्वास आहे का असंही विचारत नाही. ‘ऊठ, आपली बाज उचलून चाल,’ एवढंच म्हणतो. त्या माणसाने हाक मारलीच नव्हती. येशू कोण हेही त्याला ठाऊक नव्हतं. नंतर मंदिरातही येशूच त्याला गाठतो.

उपासनेनंतर मी एकटा खुर्च्या आवरायचो आणि लोक गप्पा मारत बाजूने निघून जायचे, त्या दिवसांत याच अध्यायाने मला धरून ठेवलं. लोक फारसे बदलले नाहीत. मला पाहणारा आहे, हे मात्र हळूहळू मनात मुरलं.

तरीही माणसं लागतातच. पाळकांना किंवा मोकळं बोलता येईल अशा एखाद्याला स्पष्ट सांगा की मला फार एकटं वाटतंय. त्यांना आपोआप कळेल म्हणून वाट बघू नका. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरांकडेही जा. औषधाने प्रार्थनेला बाध येत नाही.

आणि देवाशी गोड गोड बोलायचा अट्टाहास सोडा. बायबलमधलं स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं. तुम्ही १३ वं घ्या, मोठ्याने वाचा. दावीद पहिल्या दोनच वचनांत चार वेळा ‘किती काळ’ म्हणून देवाला जाब विचारतो. सगळी मिळून सहाच वचनं आहेत. शेवटची दोन भरवशाची आहेत. ती आज तोंडातून निघाली नाहीत तर चौथ्यावर थांबा आणि उद्या पुन्हा पहिल्यापासून वाचा.