पिनबॉल : भाव डॉलरचा, दुखणं कॉइलचं

कॉलेज रोडहून एक वाचक : माझ्या मामेभावाने शिकागोत 1992 चं ‘ॲडम्स फॅमिली’ पिनबॉल (नाणं टाकून स्टीलचा बॉल उडवत खेळायचं मशीन) घेतलं. त्याने सांगितलेल्या किमतीत इथे नाशिकमध्ये बरी गाडी येईल. म्हणे हे मशीन खूप संख्येने बनलं होतं. मग एवढं महाग का?

खूप म्हणजे किती, तर 20,270. पिनबॉलमध्ये हा आकडा डोंगराएवढा आहे. म्हणजे दुर्मीळ म्हणून महाग, हा हिशेब इथे लागू नाही. 1992 साली जी पोरं नाण्यांसाठी वडिलांच्या मागे लागत, ती आता पन्नाशीच्या आसपास आहेत. हातात पैसा आहे, घराला तळघर आहे आणि त्यांना तेच मशीन हवंय, दुसरं नको. दुसरीकडे ते बनवणाऱ्या विल्यम्स कंपनीने (बॅली हे नाव तिच्याकडेच होतं) 1999 मध्ये पिनबॉलला टाळं लावलं. पुढे बरीच वर्षं स्टर्न ही एकच मोठी कंपनी उरली. त्यात कोविडच्या काळात माणसं घरी अडकली आणि भाव उसळले.

पण भाव फक्त वरच जातो असं समजू नका. 1997 चं ‘मिडिव्हल मॅडनेस’ घ्या. मूळ मशीनं 4,016, म्हणून मालक मिशीला पीळ देऊन बसले होते. 2013 मध्ये त्याची नवी आवृत्ती जाहीर झाली, साधारण 8,000 डॉलरला, आणि जुन्याचा भाव नरमला.

आणखी एक. मामेभावाचा भाव आणि तुमचा भाव एक नाही. 2014 च्या मध्यात डॉलर 60 रुपयांच्या आसपास होता, 2024 च्या अखेरीस 84 च्या पुढे. 5,000 डॉलरचं मशीन तिकडे एक सेंटही महागलं नाही असं धरलं, तरी इकडे 3 लाखांचं 4 लाख 20 हजार झालं. वर जहाजाचं भाडं, कस्टम्स आणि न्हावाशेव्याहून नाशिकपर्यंतचा टेम्पो.

इंदिरानगरहून एक वाचक : मुंबईत एका जुन्या क्लबातलं मशीन विकायला आहे. मालक म्हणतात, ‘चालू होतं, फक्त फ्यूज गेलाय. पुढच्या वर्षी या भावात मिळणार नाही.’ घेऊ का?

फ्यूज काही रुपयांत मिळतो. तो टाकून मशीन चालू करून दाखवलं असतं तर मालकांना कितीतरी जास्त पैसे मिळाले असते. मग टाकला का नाही? बहुतेक टाकला असणार आणि तोही उडाला असणार. बंद मशीनचाच भाव द्या, ‘जवळजवळ चालू’ असा भाव नसतो.

बघायला जाताना टॉर्च न्या. आधी मागची उभी पेटी उघडायला सांगा. नव्वदीतल्या विल्यम्स-बॅली मशीनच्या मुख्य बोर्डावर तीन पेन्सिल सेल असतात. वर्षानुवर्षं कोणी बदलले नाहीत की ते पाझरतात आणि बोर्ड खातात. हिरवट-पांढरी बुकटी दिसली की भाव पाडायला कारण मिळालं. ती आयसीच्या (बोर्डावरच्या चिपच्या) पायांपर्यंत गेली असेल तर सरळ घरी या. मग दिव्यांचे कनेक्टर बघा, तपकिरी पडलेले म्हणजे तापून जळलेले. शेवटी काच काढून प्लेफील्डवर, म्हणजे बॉल फिरतो त्या फळीवर, बोट फिरवा. बोर्ड दुरुस्त होतो, नवाही मिळतो. फ्लिपरसमोरचा (बॉल उडवणाऱ्या दांडीसमोरचा) रंग उडून लाकूड दिसायला लागलं असेल, तर ते पूर्ववत करणारा हात मला तरी नाशिकमध्ये सापडलेला नाही.

आणि प्लग लावायची घाई नको. अमेरिकेतलं मशीन 115 व्होल्टवर लावलेलं असू शकतं. नव्वदीतल्या मशीनमध्ये ट्रान्सफॉर्मरची जोडणी बदलून ते 230 वर आणता येतं, फ्यूजही त्यानुसार बदलावा लागतो. त्याआधीच्या, बोर्डाऐवजी रिलेवर (विजेने चालणाऱ्या स्विचांवर) चालणाऱ्या मशीनला बहुधा वेगळा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल.

सातपूरहून एक वाचक : फ्लिपरची कॉइल (त्याला हलवणारं तारेचं वेटोळं) जळली. परदेशातून मागवायची तर कॉइलपेक्षा कुरिअर महाग. इथे वाइंड करून मिळेल का?

मिळेल, आणि यात आपलं नाशिक भाग्यवान. सातपूर-अंबडला मोटार रिवाइंडिंगवाल्यांची वानवा नाही. कॉइलवरच्या कागदी पट्टीवर कृती छापलेलीच असते. विल्यम्सच्या कॉइलवर ‘एई-26-1200’ असं असेल, तर 26 गेजची तार, 1200 वेढे. फ्लिपरच्या कॉइलला मात्र बहुधा दोन वाइंडिंग असतात, एक फटका मारायला आणि एक फ्लिपर वर धरून ठेवायला. पट्टी गेली असेल तर दोन्हींचे वेढे उलगडताना मोजा.

इथे मी स्वतः आपटलोय. दुकानात ‘26 नंबर’ म्हणालो आणि निवांत चहा घेतला. अमेरिकन 26 म्हणजे 0.405 मिमी, आपल्याकडे एसडब्ल्यूजी हे तारेच्या जाडीचं ब्रिटिश माप चालतं, त्यातली 26 म्हणजे 0.457 मिमी. तार जाड, रोध कमी, करंट जास्त. कॉइल झकास ठोकायची, दोन दिवसांनी तिला चालवणारा बोर्डावरचा ट्रान्झिस्टर गेला. दुकानदाराची काही चूक नव्हती. तेव्हा नंबर सांगू नका, मिलिमीटर सांगा. 27 एसडब्ल्यूजी, म्हणजे 0.417, सर्वांत जवळची. बसवण्याआधी मीटरने रोध तपासा.

गंगापूर रोडहून एक वाचक : नवं लिमिटेड एडिशन खोकं न फोडता ठेवलं तर गुंतवणूक होईल का?

सोनं घ्या. सराफ बाजार जवळ आहे आणि सोन्याला पडून पडून कडक होणाऱ्या रबर रिंग नसतात.

पंचवटीहून एक वाचक : काकांचं जुनं पिनबॉल माझ्याकडे येतंय. जागा आहे ती वाड्याच्या तळमजल्यावर, नदीपासून दोन गल्ल्या आत. वर न्यायचं तर जिना अरुंद. भाव एवढे वाढलेत म्हणून काळजी वाटते.

गोदावरीचा पूर ज्याच्यावरून मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की तुमच्या गल्लीत काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तळमजला नकोच. पूर नाही आला तरी ओल येते. प्लेफील्ड प्लायवूडचं, ते फुगतं आणि त्यातले प्लास्टिकचे तुकडे वर-खाली होतात. बॅकग्लासचा, म्हणजे मागच्या पेटीवरच्या चित्राच्या काचेचा, रंग काचेच्या मागून लावलेला असतो, त्याचे पोपडे निघतात. निघालेला पोपडा परत चिकटवता येत नाही.

जिन्याची भीती नको. वजन 110 किलोच्या पुढेमागे, पण ते एका तुकड्यात न्यायचं नसतं. आधी काच काढून आतला स्टीलचा बॉल काढा, नाहीतर तो वाटेत सगळं फोडतो. मागची पेटी काही मशीनची दुमडते, काहींची बोल्ट काढून वेगळी करावी लागते. तिच्या वायरींना आधी खुणेच्या चिठ्ठ्या बांधा. मग चार पाय काढा. उरलेला खोका मागच्या बाजूवर उभा केला की कपाटाएवढी जागा घेतो. चार माणसं, दोन जाड दोर आणि एक जुनी गोधडी. आणि हे आषाढ लागायच्या आत उरका.