एसएसडी टाकली, तरी वेग निम्माच

प्रश्न : माझ्या २०११च्या लॅपटॉपमध्ये नवी साटा एसएसडी (साटा जोडणीवर चालणारी, चिपवर माहिती साठवणारी ड्राइव्ह) टाकली. खोक्यावर सेकंदाला ५५० एमबी वेग लिहिलंय, चाचणीत २६०च येतात. ड्राइव्ह बनावट आहे का? – एक वाचक, परभणी

उत्तर : बहुधा नाही. २६० हा आकडाच सांगतो की जोडणी साटा-२ची, म्हणजे सेकंदाला ३ गिगाबिटची, जुन्या पिढीची आहे. तिथून २८०च्या वर फारसं काही निघत नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो हे ड्राइव्हची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून ‘ट्रान्सफर मोड’ पाहा. तिथे दोन आकडे दिसतात : डावीकडचा चालू वेग, उजवीकडचा ड्राइव्हची क्षमता. ‘साटा/३०० | साटा/६००’ असेल तर ड्राइव्ह ठणठणीत आहे, लॅपटॉपचा मदरबोर्ड जुना आहे.

एसएसडी डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी कॅडीत (तिथे बसणाऱ्या चौकटीत) बसवली असेल, तर मूळ हार्डडिस्कच्या जागी लावून बघा. काही लॅपटॉपांत तोच पोर्ट वेगवान असतो.

बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) आयडीई मोड, म्हणजे ड्राइव्ह चालवायची जुनी पद्धत असेल, तर एएचसीआय ही नवी पद्धत निवडा. पण थेट बदललंत तर विंडोज निळा पडदा दाखवून बसेल. आधी विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सेटिंगमधून सेफ बूट (फक्त गरजेपुरत्या गोष्टींसह विंडोज सुरू होणं) लावा, रीस्टार्ट करताना बायोस बदला, विंडोज सुरू झालं की सेफ बूट काढा.

ड्राइव्ह गच्च भरू नका. १५ टक्के जागा मोकळी असू द्या. बाकी रोजच्या कामात २६० आणि ५५०मधला फरक क्वचितच जाणवतो. त्यापायी नवा लॅपटॉप घेऊ नका.