गळती अंगणात दाखवली, म्हणून खर्च तुमचा ठरत नाही

प्रश्न : आमची रो-हाउसची सोसायटी आहे. जमिनीखालची पाण्याची लाइन गळते म्हणून कमिटीने आवाजावरून गळती शोधणारी एजन्सी बोलावली. गळती माझ्या अंगणात दाखवून खोदाई, दुरुस्ती आणि वाया गेलेल्या पाण्याचे पैसे माझ्याकडे मागितले आहेत. द्यावेत का?

उत्तर : आत्ता काही देऊ नका. मात्र खोदाई अडवू नका. अडवलीत तर पुढच्या नुकसानीचा ठपका तुमच्यावर येईल.

आधी लाइन कोणाची ते ठरवा. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या कारभाराचे नमुना नियम) बाहेरच्या जलवाहिन्यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते. मुख्य लाइन अंगणाखालून जात असेल, तर अंगण तुमचं असलं तरी बिल सोसायटीचं. फाटा फक्त तुमच्या घराचा असेल, तर प्रश्न वेगळा. तुमच्या सोसायटीने मंजूर केलेले उपविधी वाचा.

आता अहवाल. दोन व्हॉल्व्हवर संवेदक (सेन्सर) बसवून गळतीचा आवाज दोन्हीकडे किती वेळाच्या फरकाने पोहोचतो ते मोजतात. दोन व्हॉल्व्हमधलं अंतर 80 मीटर आणि वेळेतला फरक 20 मिलिसेकंद धरा. बिडाच्या पाइपात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 1250 मीटर, त्यामुळे गळती जवळच्या व्हॉल्व्हपासून 27.5 मीटरवर निघते. पाइप प्लास्टिकचा असेल आणि वेग 450 असेल, तर तीच गळती 35.5 मीटरवर. आठ मीटरमध्ये शेजाऱ्याचं अंगण लागतं! मधला एखादा तुकडा बदलून पीव्हीसीचा टाकलेला असतो आणि नकाशात बीडच राहतं, तिथे हमखास चूक होते. अर्धवट बंद व्हॉल्व्ह किंवा चालू पंपही गळतीसारखाच आवाज करतो.

म्हणून सेक्रेटरींना लेखी पत्र देऊन पोच घ्या. पाइपचा प्रकार, व्यास, धरलेला वेग, अंतर पाइपच्या मार्गाने मोजलं की नकाशावरून, आणि मूळ ध्वनिमुद्रणाची फाइल मागा. पाणी दाबाने सुरू, पण घरोघरचे व्हॉल्व्ह आणि पंप बंद, अशा स्थितीत दोन्ही पक्षांसमोर फेरतपासणी मागा. खोदताना पंचनामा आणि टेप लावून फोटो घ्या. फुटलेला तुकडा टाकू देऊ नका. मालकी आणि जागा ठरवायला तोच सगळ्यात भक्कम पुरावा आहे.

तरीही वसुली लावली, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 91 खाली सहकार न्यायालयात जा आणि तज्ज्ञ आयुक्त (न्यायालयाच्या वतीने तपासणी करणारा तज्ज्ञ) नेमण्याची विनंती करा. एजन्सीचा अहवाल हे फक्त तज्ज्ञाचं मत आहे (भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023, कलम 39). तपासणी करणाऱ्याची उलटतपासणी मागा. ध्वनिफाइलसोबत त्याच अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र हवं.