पाठ केलेला शब्द उताऱ्यात ओळखू का येत नाही?

प्रश्न : नमस्कार ताई, मी फ्रेंच शिकवते, अगदी बिगिनर बॅच आहे. दर आठवड्याला ४० शब्दांची लिस्ट देते, टेस्टमध्ये पैकीच्या पैकी मार्क पडतात पण तेच शब्द उताऱ्यात आले की मुलं नुसती बघत बसतात. माझी एक मैत्रीणही शिकवते, ती म्हणते लिस्ट बंदच कर, गोष्टी सांग फक्त. मला तेही पटत नाहीये. काय करू?

उत्तर : लिस्ट बंद नका करू, पण ४० वरून १० वर आणा. तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशेन यांच्या विचाराशी जुळतं, अर्थ समजत गेला की भाषा आपोआप येते असं ते १९८० च्या दशकापासून मांडत आलेत, आणि मला ते मनापासून पटतं. पण समजायला आधी शब्द लागतात ना! कुणाच्या मदतीशिवाय नीट वाचायचं तर १०० मधले साधारण ९८ शब्द ओळखीचे हवेत असं शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलंय. बिगिनर मुलं तिथपर्यंत नुसत्या गोष्टी ऐकून पोचेपर्यंत कंटाळून जातील, म्हणून सतत वापरात येणारे शब्द लिस्टने पटकन द्यावेतच.

गडबड होते ती 'शब्द बरोबर अर्थ' एवढंच दिल्यामुळे. 'प्रांद्र' हे फ्रेंच क्रियापद घ्या, लिस्टमध्ये अर्थ 'घेणे', संपलं. आता उताऱ्यात तोच प्रांद्र ट्रेनबरोबर आला की आपण म्हणतो पकडणे, फोटोबरोबर आला की काढणे, शॉवरबरोबर आला की अंघोळ करणे, त्यात वाक्यात तो 'प्रां' नाहीतर 'प्रनों' होऊन येतो, मग पोरांनी ओळखायचा कसा? आणि हो, सगळे रंग किंवा सगळी फळं एका दमात देऊ नका, एका जातीचे शब्द डोक्यात एकमेकांत मिसळतात.

तर आधी उतारा निवडा, त्यात जिथे अडेल तेवढेच शब्द काढा आणि फळ्यावर त्यातल्याच वाक्यासकट लिहा. टेस्टला अर्थ विचारू नका, तेच शब्द वापरून चार ओळींचा नवा उतारा स्वतः लिहा आणि काय घडलं ते मुलांना त्यांच्या भाषेत सांगायला लावा, मागच्या महिन्यातले दोन-तीन शब्दही त्यात घुसवा. पहिल्या दोन-तीन टेस्टला मार्क घसरतील, ते मुलांना आधीच सांगून ठेवा.