तोंडाशी चमचा नेण्याआधी

पक्षाघाताचा रुग्ण आयसीयूतून वॉर्डात आला की घरच्यांना हायसे वाटते. खरे लांबण तिथून पुढे लागते. आठवडे जातात, कधी महिने. या काळात घरच्यांकडून आलेल्या पत्रांत औषधांबद्दलचे प्रश्न थोडे असतात. नाकातली नळी, अंगाखालची चादर, दुखरा खांदा यांबद्दलचे फार, आणि दर वेळी तेच ते. म्हणून निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत.

वडिलांची डावी बाजू गेली आहे. गावाकडचे लोक कबुतराचे रक्त चोळा म्हणतात. फायदा नाही झाला तरी अपाय तर नाही ना?

बिघाड मेंदूत झाला आहे. हातापायाला काहीही चोळले तरी ते तिथे पोचत नाही. रक्त नको, कढत तेल नको आणि विटेचा शेक तर मुळीच नको. लुळ्या बाजूची संवेदना बहुधा कमी झालेली असते, त्यामुळे कातडी भाजली तरी रुग्ण हात मागे घेत नाही. साध्या कोमट तेलाने हलका हात फिरवायला हरकत नाही, पण ते उपचार नव्हेत आणि त्यासाठी व्यायामाची वेळ खर्च करू नका.

आईसाठी एअर बेड आणला आहे. आता रात्री दर दोन तासांनी कूस बदलण्याची गरज नाही ना?

आहे. विकणारा ‘झोपा निवांत’ सांगतो, कारण रात्री उठायचे तुम्हाला आहे. एकाच जागी पडून राहिल्याने कातडीवर दाब येतो आणि जखमा होतात. एअर बेडने तो दाब कमी होतो, नाहीसा होत नाही. दोन तास हा सर्वसाधारण नियम आहे. आईची कातडी पाहून अंतर कमी-जास्त करायचे ते परिचारिका किंवा डॉक्टर ठरवतील.

गादी खरेच काम करते आहे का, हे हाताने तपासा. आई झोपलेली असताना माकडहाडाच्या बरोबर खाली, गादीच्या तळाशी तळहात सरकवा. हात आणि अंग यांच्यामध्ये इंचभर तरी हवा लागली पाहिजे. हाड थेट हाताला टेकले तर हवा कमी आहे किंवा पंप बिघडला आहे. गादीवर दोन चादरी, मेणकापड आणि वर गोधडी असे थर लावलेले दिसतात. मग एअर बेडचा उपयोग काय? एक पातळ, सुरकुती नसलेली चादर पुरे.

कूस बदलताना आईला एकदम खुब्यावर झोपवू नका. पाठीमागे उशी देऊन साधारण ३० अंश कलती ठेवा. पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा अधांतरी सोडा. पाणी भरलेले हातमोजे टाचेखाली ठेवण्याची जुनी सवय सोडून द्या, आणि बसायची गोल रबरी रिंगही नको, तिच्या कडेने उलट रक्तपुरवठा अडतो. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून पाहा. दाब काढल्यावरही तो पांढुरका न होता लालच राहिला, तर जखमेची सुरुवात झाली समजा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे भोवतालपेक्षा गरम किंवा टणक लागते का ते पाहा. त्या जागी स्पिरिट, पावडर, मालिश काही नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

बाबांना नाकातून नळी आहे. ते पाणी मागतात. डॉक्टर ‘तोंडाने काही नाही’ म्हणतात, पण चमचाभर पाण्याने काय होणार? आजीचा तर जीव तुटतो.

या प्रश्नाला थोडक्यात उत्तर देता येत नाही. ‘चमचाभर’ या एका शब्दापायी जितके रुग्ण छातीच्या जंतुसंसर्गाने परत आयसीयूत जातात, तितके कुठल्या औषधाच्या चुकीने जात नसावेत.

सगळ्यांची समजूत अशी की पाणी गिळायला सगळ्यात सोपे. पक्षाघातानंतर ते सगळ्यात अवघड असते. पाणी जिभेवरून झरकन घशात उतरते, आणि श्वासनळीचे झाकण पडायला उशीर लागत असेल तर ते थेट फुप्फुसाच्या वाटेला लागते. घट्ट पदार्थ सावकाश सरकतो, म्हणून घशाला थोडी सवड मिळते. ‘आधी पाणी पाजून पाहू, मग पेज’ हा क्रम म्हणूनच उलटा आहे.

दुसरी समजूत ठसक्याची. ठसका लागला नाही म्हणजे नीट गेले, असे नाही. संवेदना गेलेली असेल तर अन्न श्वासनळीत जाऊनही रुग्ण खोकत नाही. मग ओळखायचे कसे? घोटानंतर आवाज ओला, गुळण्या केल्यासारखा येतो. जेवताना श्वास वाढतो, डोळ्यांत पाणी येते. दर दोन-चार दिवसांनी संध्याकाळी कणकण येते आणि घरचे तिला ‘बदलत्या हवेचा ताप’ म्हणतात. यातले एकही दिसले तर तोंडाने देणे थांबवा आणि कळवा.

गिळण्याची तपासणी वाचा व गिळण उपचारतज्ज्ञ, म्हणजे स्पीच थेरपिस्ट, करतात. नाव ‘स्पीच’ असल्यामुळे ‘बाबा बोलतात ना, मग कशाला?’ असे म्हणून घरचेच ती टाळतात. बोलता येणे आणि गिळता येणे या दोन वेगळ्या गोष्टी. वॉर्डातच तपासणी मागून घ्या. गरज पडली तर नाकातून दुर्बीण घालून किंवा एक्स-रेच्या पडद्यावर घोट कुठे जातो ते पाहता येते.

परवानगी मिळाल्यावरही घाई नको. रुग्ण पूर्ण जागा हवा आणि ताठ बसलेला, हनुवटी किंचित खाली. भरवणाऱ्याने समोर खुर्चीत बसावे. उभे राहून भरवले की रुग्ण मान वर करतो आणि श्वासनळीची वाट उघडी पडते. अर्धा छोटा चमचा, चांगल्या बाजूच्या गालात. मग थांबायचे. गळ्यातला कंठमणी वर जाऊन खाली आला म्हणजे घोट उतरला. तोवर दुसरा चमचा नाही, बोलणे नाही, टीव्ही नाही. शेवटी टॉर्च लावून लुळ्या बाजूचा गाल पाहा, घास तिथे तासभरही दडून बसतो. जेवणानंतर अर्धा तास तरी आडवे करू नका.

काय भरवता यावर बरेच अवलंबून आहे. दुधात कुस्करलेली पोळी मऊ असते म्हणून देतात, पण दूध सुटे राहिले असेल तर एका घासात दोन पदार्थ होतात. दूध पुढे पळते, पोळी मागे राहते. पातळ वरण आणि भाताच्या शितांचे तेच. संत्र्याची फोड चावली की रस सुटतो. आईस्क्रीम चमच्यात घट्ट दिसते, तोंडात त्याचे पाणीच होते. चुरमुरे आणि कोरडे पोहे घशात विखुरतात. एकजीव, घोटलेला, चमच्यावरून ओघळणार नाही असा पदार्थ हवा, पण किती दाट हे तपासणी करणारेच सांगतील. पाणी दाट करायची पावडर दिली असेल तर एक खुबी लक्षात ठेवा: स्टार्चची पावडर लाळेने फुटते. तोंडातला चमचा परत त्याच पेल्यात बुडवला की थोड्या वेळात पेला पातळ होतो. वेगळा पेला, वेगळा चमचा. नळीच्या कपाने किंवा स्ट्रॉने पाजणेही विचारल्याशिवाय नको.

नाकातली नळी असतानासुद्धा लाळ श्वासात जातच असते. म्हणून ‘तोंडाने काही घेत नाहीत, मग दात कशाला घासायचे’ हे चूक. तोंड अस्वच्छ असेल तर तीच लाळ न्यूमोनिया करते. दिवसातून किमान दोनदा मऊ ब्रशने दात, जीभ, टाळू स्वच्छ करा, पाणी गिळले जाणार नाही असे बसवून. कवळी रात्री काढा. तहान भागवायची असेल तर ओठांना ओला गॉज लावा, तोही पिळून.

नळीतून देताना: आधी नाकपुडीशी असलेली खूण जिथल्या तिथे आहे का पाहा. सिरिंजने थोडे ओढून पाहायला शिकवले असेल तर ते करा. डोके निदान ३० ते ४५ अंश वर. गाळलेले अन्न, साधारण २०० ते २५० मिली एका वेळी, सिरिंज उंच धरून आपोआप उतरू द्या, दट्ट्याने ढकलू नका. आधी आणि नंतर ३० मिली पाणी, नाही तर नळी चोंदते. गोळ्या एकेक करून कुटायच्या, पण प्रत्येक गोळी कुटण्याजोगी नसते. हळूहळू विरघळणाऱ्या आणि पोटात न फुटणाऱ्या आवरणाच्या गोळ्या कुटल्या की एकदम डोस जातो किंवा पोट सोलवटते. यादी फार्मासिस्टपुढे ठेवा. नळी निघाली तर स्वतः आत सारू नका. आणि चार-सहा आठवड्यांनंतरही गिळणे जमत नसेल तर पोटातून नळी घालण्याबद्दल डॉक्टर बोलतील, तेव्हा ‘पोटाला भोक’ म्हणून उठून जाऊ नका.

आजींना काही तरी करायचे असते, हे खरे. त्यांच्याकडे तोंडाच्या स्वच्छतेची वेळ सोपवा.

शेजारी म्हणतात, हातात रबरी बॉल देऊन दाबायला लावा. भाऊ रोज शंभर वेळा करतो.

बंद करा. पक्षाघातानंतर बोटे मिटण्याची ओढ आपसूक येते, हाताची मूठ आणि कोपर आवळत जातो. बॉल दाबून त्याच ओढीला खतपाणी मिळते. अडचण असते ती मूठ उघडण्याची. फिजिओथेरपिस्टकडून उघडण्याचा व्यायाम शिका.

त्याहून महत्त्वाचे: लुळा हात धरून उठवू नका, काखेत हात घालून वर ओढू नका. खांद्याचा सांधा स्नायूंनी धरलेला असतो. स्नायू ढिले पडले की हाताच्या वजनानेच तो खाली सरकतो, ओढल्याने दुखावतो, आणि त्या दुखण्यात व्यायामाचे आठवडे जातात. बसवल्यावर हाताला मांडीवर उशीचा आधार द्या.

लघवीची नळी डिस्चार्जनंतर किती दिवस ठेवायची?

जितकी लवकर काढता येईल तितकी. ‘सोय आहे’ हे कारण नव्हे. वॉर्डात असतानाच रोज डॉक्टरांच्या फेरीच्या वेळी ‘आज गरज आहे का?’ एवढेच विचारा. पिशवी मूत्राशयाच्या खाली लटकलेली असावी. स्ट्रेचरवर नेताना ती पोटावर ठेवतात, तेव्हा लघवी उलटी वर जाते. जमिनीवर ठेवू नका, दोन-तृतीयांश भरली की रिकामी करा.

आईचा रक्तदाब आता नॉर्मल आहे. गोळ्या बंद केल्या तर चालेल?

नाही. नॉर्मल आहे तो गोळ्यांमुळे.

वडील उगाच रडू लागतात, कधी भलत्याच वेळी हसतात. आम्ही समजावतो, कधी रागावतो.

रागावू नका, त्यांच्या हातात ते नाही. भावनांवरचा मेंदूचा लगाम सुटतो, त्यातून हे होते. विषय बदला, खोलीतली गर्दी कमी करा. पण सतत उदास, खाण्यात आणि व्यायामात मन नाही, झोप बिघडली, असे दोन आठवडे राहिले तर ते निव्वळ रडू नव्हे. पक्षाघातानंतर साधारण तिघांमध्ये एकाला नैराश्य येते आणि त्याच्यावर औषध आहे. ‘धीर धरा’ने ते जात नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या.

एका ठिकाणी स्टेम सेलचे, म्हणजे मूळ पेशी टोचण्याचे, पॅकेज सांगितले आहे. ‘लवकर घेतले तर उपयोग’ म्हणून जमीन गहाण ठेवायचा विचार आहे.

ठेवू नका. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही ठरावीक आजारांखेरीज इतरत्र स्टेम सेलचा वापर प्रयोगाच्या टप्प्यावर आहे, आणि मान्यताप्राप्त प्रयोगात रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. कोणी पक्षाघातासाठी पॅकेज विकत असेल तर प्रयोगाचा नोंदणी क्रमांक लेखी मागा. बहुतेक वेळा तिथेच बोलणे संपते. घरी फिजिओथेरपीचे तीन महिन्यांचे आगाऊ पैसे मागणाऱ्यांपासूनही जपा, आठवड्याचे द्या, प्रगती लिहून मागा.

‘लवकर’ खरेच लागू होते ते नियमित व्यायामाला. सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते, म्हणून ‘अंगात ताकद आली की सुरू करू’ म्हणत पहिला महिना घालवू नका. त्यानंतरही सुधारणा थांबत नाही, वेग मंदावतो. मुंबईत हाजी अलीजवळ केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. वैद्यकीय महाविद्यालयांतही असे विभाग असतात, आधी तिथे विचारा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत तुमच्या रुग्णालयात काय बसते, ते आरोग्यमित्राकडून, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाकडून, भरतीच्याच दिवशी समजून घ्या, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे.

पुढच्या आठवड्यात आईला घरी नेणार आहोत. काय तयारी करावी?

उरलेल्या दिवसांत वॉर्डातली सगळी कामे परिचारिकेच्या नजरेखाली स्वतः करा: नळीतून देणे, कूस बदलणे, पलंगावरून खुर्चीत बसवणे. बघून जमत नाही. खुर्ची आईच्या चांगल्या बाजूला, चाकांचे ब्रेक लावून. ओढायचे ते कमरेच्या रुंद पट्ट्याला धरून. पलंग इतकाच उंच हवा की काठावर बसल्यावर दोन्ही पाय सपाट टेकतील. पायपुसणी उचलून ठेवा. कमोड खुर्ची आधी आणून संडासाच्या दारातून आत जाते का ते टेपने मोजून घ्या, जुन्या चाळीत तिथेच अडते.

ब्युरोची मावशी ठेवली तरी गिळणे आणि कातडी रोज घरच्यांपैकी एकानेच तपासावी. रात्रपाळी दोघांत वाटा. सगळे एका सुनेच्या गळ्यात पडले तर महिन्याभरात दुसरा रुग्ण घरात तयार होतो. तोंड वाकडे होणे, हात गळणे, बोलणे अडखळणे पुन्हा दिसले तर १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येते, म्हणून लक्षण दिसले ती वेळ घड्याळात पाहून कागदावर लिहा. आईच्या सध्याच्या औषधांचा कागद फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवा.