नवं इनहेलर, पावसाळी हवा आणि डोसचा प्रश्न

प्रश्न : दम्यासाठी आजवर लागेल तेव्हा निळा पंप (लगेच आराम देणारा) घेत होते. जूनमध्ये डॉक्टरांनी रोटाहेलर, म्हणजे कॅप्सूलमधली पावडर श्वासाने ओढायचं इनहेलर, दिलं. ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलची कॅप्सूल, सकाळी एक, रात्री एक. तीन आठवडे झाले तरी पहाटेचा खोकला आहेच. आवाज बसलाय, हात थरथरतात, कॅप्सूलमध्ये पावडर उरते. डोस कमी पडतोय का? दोन-दोन कॅप्सूल घेऊ का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : ताई, कॅप्सूल मनाने वाढवू नका. उरलेली पावडर आणि बसलेला आवाज पाहता औषध छातीपर्यंत कमी आणि घशात जास्त जात असावं. तसं असेल तर डोस वाढवून घशाचाच त्रास वाढेल.

पंपात गॅसचा जोर असतो, म्हणून पंप दाबताना श्वास सावकाश घ्यायचा असतो. रोटाहेलरमध्ये गॅस नाही. औषध असतं काहीशे मायक्रोग्रॅम, तेही लॅक्टोजच्या कणांना चिकटलेलं, आणि ते सुटतं फक्त तुमच्या श्वासाच्या जोरावर. पंपाची सवय असलेली माणसं इथेही हळू ओढतात आणि पावडर जिभेवर, घशात बसते.

रोटाहेलर उभं धरा. कॅप्सूलची पारदर्शक बाजू खाली करून ती चौकोनी भोकात घाला आणि वरचं टोक भोकाच्या कडेशी सपाट होईपर्यंत दाबा. आता खालचा भाग अडेपर्यंत फिरवा, म्हणजे कॅप्सूलचे दोन तुकडे होतात. कॅप्सूल अर्धवट दाबलेली असेल तर ती नीट उघडतच नाही. पावडर उरण्याचं हे नेहमीचं कारण. मग तोंड बाजूला करून श्वास पूर्ण सोडा. रोटाहेलरमध्ये फुंकर अजिबात मारू नका, तोंडातली वाफ पावडरीत जाते. ओठ घट्ट मिटून पहिल्या क्षणापासून जोरात आणि खोल ओढा. हळू सुरू करून मग जोर लावला तर उपयोग नाही, कारण पावडर कॅप्सूलमधून सुरुवातीलाच निघते. 10 सेकंद श्वास रोखा. उघडून पाहा, पावडर दिसली तर त्याच कॅप्सूलवर पुन्हा एकदा ओढा. किंचित थर राहिला तर काळजी नको. शेवटी चूळ भरा, गुळण्या करा आणि पाणी थुंकून टाका, गिळू नका. हे टाळलं की आवाज बसतो, जिभेवर पांढरी बुरशीही येते.

दुसरा संशय आपल्या हवेवर. जून ते सप्टेंबर ओलावा इतका असतो की उघडी कॅप्सूल मऊ पडते आणि आतली पावडर गोळा होते. कॅप्सूल घ्यायच्या वेळीच बाटलीतून काढा, तीही कोरड्या हातांनी. आठवड्याच्या कॅप्सूल आधीच डबीत काढून ठेवू नका. बाटलीतली ओलावा शोषणारी पुडी फेकू नका. बाटली न्हाणीघरात नको आणि चुलीवरच्या फळीवरही नको, तिथे उष्णता आणि वाफ दोन्ही लागतात. रोटाहेलर आठवड्यातून एकदा धुवा, पण पूर्ण वाळल्याशिवाय वापरू नका. पावसात एक दिवसही अपुरा पडतो, म्हणून दोन रोटाहेलर ठेवून आलटून-पालटून वापरणं उत्तम.

हातांची थरथर फॉर्मोटेरॉलमुळे होते आणि बहुतेकांची काही दिवसांत कमी होते. जोडीला निळा पंपही वारंवार घेत असाल तर ती वाढते. छातीत धडधड किंवा दुखणं असेल तर लगेच डॉक्टरांना कळवा.

फॉर्मोटेरॉल काही मिनिटांत श्वासनलिका मोकळ्या करतं, पण ब्युडेसोनाइड आतली सूज हळूहळू उतरवतं. फरक एक-दोन आठवड्यांत दिसू लागतो, पूर्ण परिणामाला दोन-तीन महिने लागू शकतात. तेव्हा दोन आठवडे वही ठेवा : सकाळ-संध्याकाळ औषधाआधी उभं राहून पीक फ्लो मीटरमध्ये (श्वास किती जोरात सोडता येतो ते मोजणारी नळी) तीनदा फुंका, सर्वांत मोठा आकडा लिहा. शेजारी रात्रीचा खोकला आणि निळ्या पंपाचे पफ लिहा. वही आणि रोटाहेलर दोन्ही घेऊन जा आणि डॉक्टरांसमोर एक कॅप्सूल ओढून दाखवा. पद्धत बरोबर, चुकवाचुकवी नाही, घरात चुलीचा धूर किंवा भिंतीला बुरशी नाही, तरीही आकडे तुमच्या सर्वोत्तम आकड्याच्या 80 टक्क्यांखाली राहत असतील, तर मग डोसचा विचार. काही रुग्णांना डॉक्टर हीच ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलची कॅप्सूल त्रास होईल तेव्हा जादा घ्यायला सांगतात. ती पद्धत आणि दिवसाची कमाल संख्या त्यांच्याकडून लिहून घ्या. फॉर्मोटेरॉलऐवजी सालमेटेरॉल हे दुसरं औषध असलेल्या कॅप्सूलला ती लागू नाही.

वाक्य पूर्ण बोलता येईना, ओठ निळे पडले किंवा निळ्या पंपाने आराम पडेना, तर वही बाजूला ठेवा आणि 108 ला फोन करा. गाडी येईपर्यंत स्पेसरमधून (पंपाला जोडायची पोकळ प्लास्टिकची नळी) निळा पंप एकेक पफ करून घेत राहा.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलाचा स्पेसर रोज फडक्याने पुसते. तरी औषध आतच चिकटतं.
– एक वाचक, मालवण

उत्तर : पुसल्यानेच चिकटतं. घासल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि ती औषधाचे कण ओढून घेते. आठवड्यातून एकदा कोमट साबणपाण्यात बुडवून काढा आणि न पुसता निथळत ठेवा. एका वेळी एकच पफ द्या, मुलाला चार-पाच संथ श्वास घेऊ द्या, अर्ध्या मिनिटाने पंप हलवून पुढचा.

प्रश्न : गणपतीनंतर मला काहीच त्रास नसतो. इनहेलर बंद केलं तर चालेल? सवय लागायची भीती वाटते.
– एक वाचक, दापोली

उत्तर : सवय लागत नाही. बरं वाटतं ते औषध चालू आहे म्हणून. एकदम बंद केलं की सूज काही आठवड्यांत परत येते आणि माळा झाडायला किंवा भात झोडायला गेलात की दम लागतो. मात्र डोस कमी होऊ शकतो. साधारण तीन महिने दमा आटोक्यात राहिला की डॉक्टर तो पाव ते निम्म्याने उतरवतात आणि पुन्हा तपासतात. सर्दी-ताप असताना किंवा पाऊस तोंडावर आलेला असताना हे करू नये. थंडी सरल्यावरचे दिवस बरे. उतरवण्याआधीचे पीक फ्लोचे आकडे लिहून ठेवा. रात्रीचा खोकला परतला किंवा आकडे घसरले तर आधीचा डोस पुन्हा सुरू करायचा का, हे डॉक्टरांना त्याच आठवड्यात विचारा.