टेकडीवरची पायवाट वणव्यात जळाली आहे. पावसाळ्यापूर्वी दुरुस्तीची सुरुवात कशापासून करावी?

सुरुवात झाडे लावण्यापासून नव्हे, तर वाटेवरचे पाणी बाजूला काढण्यापासून करावी, आणि हे काम मे महिन्यातच उरकावे. पुण्याभोवतालच्या टेकड्यांवर बेसाल्ट खडकावरचा मातीचा थर मुळातच पातळ असतो. वणव्याने गवताचे आच्छादन गेले की जूनच्या सरींचा मारा थेट मातीवर बसतो आणि पायांखाली दबून खोलगट झालेली वाट ओढ्यासारखी वाहू लागते. त्यासाठी चढावर थोड्या थोड्या अंतराने, वाटेला तिरक्या रेषेत दगड बसवावेत, म्हणजे पाणी दरीच्या बाजूला उतरून जाते. चढ जितका तीव्र, तितके हे अंतर कमी ठेवावे. दगड अर्ध्याहून अधिक गाडलेच पाहिजेत, कारण नुसते वर मांडलेले दगड जोराच्या पावसात निखळतात आणि केलेली मेहनत वाया जाते. गवताचे ठोंब बहुधा जमिनीखाली जिवंत असतात व पावसानंतर आपोआप फुटतात, म्हणून जळालेली जमीन खणू नये. लोकांनी पाडलेल्या आडवाटा मात्र काटेरी फांद्या टाकून अवश्य बंद कराव्यात; माझ्या मते याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. जळून पोकळ झालेले झाड वाटेवर झुकले असेल तर त्याखाली काम करू नये. एक अट महत्त्वाची आहे: टेकडी वनखात्याच्या ताब्यात असल्यास दगड हलवण्यापूर्वीही संबंधित वनपरिक्षेत्र कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी, कारण राखीव वनातील अशा कामांवर भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार निर्बंध आहेत.